क्लचखालचा पत्रा

मला भीती वाटली की मी ओरडते. काही बायका रडतात, काही मुक्या होतात, मी ओरडते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, काय बाई आहे, आजारी बापावर खेकसते! खेकसते. जीव मुठीत धरून उभी असते म्हणून खेकसते.

आमची खोली नायगावच्या बीडीडी चाळीत, तळमजल्याला. बाजूच्या काही चाळी रिकाम्या करून झाल्या, आमची अजून उभी आहे. दारासमोर पप्पांची गाडी असते. जन्मभर त्यांनी हीच टॅक्सी चालवली. गोल दिव्यांची, जुन्या घाटाची, गिअर स्टिअरिंगला असलेली. टॅक्सीची मुदत संपत आली तेव्हा त्यांनी मीटर काढलं, गॅसचा सिलिंडर काढला, पिवळं टप काळं करून घेतलं आणि कागदपत्रं खाजगी करून गाडी ठेवून घेतली. भंगारात घालायला त्यांचं मन होईना. डॅशबोर्डवरची बुद्धाची छोटी मूर्तीसुद्धा होती तिथेच राहिली.

मग पप्पांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात गेला, डावा पाय गेला. बोलणं जड झालं, पण राहिलं. पायाला मी चिमटा काढून बघायची, त्यांना कळायचंसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, पाय परत यायचा असेल तर आत्ताच येईल, रोजच्या व्यायामानं, आणि जितका उशीर कराल तितका तो लांब जाईल. व्यायाम परळच्या हॉस्पिटलात, मशीनवर, मॅडमच्या हाताखाली. त्यासाठी त्यांना गाडीत बसवून न्यायचं. इथेच तर सगळं अडलं.

फोनवरून बोलावलेल्या गाड्या यायच्या, ड्रायव्हर चाकाची खुर्ची बघायचा आणि ट्रिप कॅन्सल करून निघून जायचा. एक थांबला. "जल्दी करो, मॅडम, पीछे बस है." मी आणि आई पप्पांना काखेत धरून आत सरकवत होतो, दार अरुंद, सीट खाली, आणि ते आमच्या हातातून सुटले. गाडी आणि फुटपाथ यांच्यामध्ये बसकण मारली त्यांनी. पायजमा गुडघ्यावर सरकलेला, बसस्टॉपवरची माणसं बघतायत. माझ्या पप्पांनी आयुष्यभर दुसऱ्यांना दार उघडून गाडीत बसवलं होतं. त्यांनी मान खाली घातली आणि त्या दिवसापासून कुणाला अंगाला हात लावू देईनात. उचलायचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करायचे.

"आपली गाडी असती तर गेलो असतो," एवढंच म्हणायचे.

गाडी दारातच होती, पण खालून पार कुजलेली. पुढच्या काचेतून पाणी झिरपून झिरपून पायाखालचा पत्रा पापडासारखा झाला होता. लालबागच्या एका गॅरेजवाल्याला बोलावलं. मला म्हातारा माणूस सरळ बसेल अशी सीट हवी होती, दाराकडे फिरणारी. त्यानं वाकून खाली बघितलं, टॉर्च मारला, आणि म्हणाला, "ताई, ह्यात सीट कशाला ठोकणार? ठोकायला पत्रा पाहिजे ना. भंगारात घाला." मी म्हटलं, दुसरा पत्रा लावा. तर म्हणतो, असल्या कामाला आता कोण हात घालत नाही. डोक्यात तिडीक गेली माझ्या. म्हटलं, "मग मी लावते." तो हसला. मी हिंदमाताला साडीच्या दुकानात काम करते, दुकानाची साडी नेसूनच उभी होते, पिना-बिना लावून. हसणारच.

तोंडातून शब्द तर गेला. ज्या बाईला गॅस पेटवताना लायटर लांब धरायची सवय, ती वेल्डिंग करणार! पण भिंतीकडे तोंड केलेले पप्पा दिसत होते आणि चादरीखालचा तो पाय दिवसेंदिवस बारीक होत होता. उजव्या पायाशेजारी ठेवला की दोन वेगळ्या माणसांचे पाय वाटायचे.

नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारातून छोटं वेल्डिंग मशीन आणलं, रॉड, काळ्या काचेचा मुखवटा, चामड्याचे हातमोजे, कापायला ग्राइंडर. पत्रा भायखळ्याच्या भंगारवाल्याकडून. शिकवायला फोनवरचे व्हिडिओ. सोमवारी दुकान बंद, तेव्हा दिवसभर आणि बाकीचे दिवस सकाळी दुकानात जायच्या आधी, असं ठरवलं.

सगळ्यात आधी पेट्रोलची टाकी. ती मागे, डिकीखाली. मी म्हटलं, रिकामी करून टाकू म्हणजे झालं. खिडकीतून पप्पा ओरडले, ओरडले म्हणजे त्यांना जमेल तेवढं, "रिकामी जास्त वाईट!" आत पेट्रोलचा वास साठून राहतो, ठिणगी पडली की भडका, हे त्यांनी तुटक तुटक सांगितलं. त्यांच्या लाईनच्या ड्रायव्हरांनी असा एक भडका बघितला होता म्हणे. गॅरेजवाल्याच्याच हाताखालच्या माणसाला बोलावून टाकी उतरवून घेतली, काठोकाठ पाण्यानं भरली आणि पार दुसऱ्या टोकाला भिंतीशी ठेवली. तरी काम करताना माझी मान दर थोड्या वेळानं तिकडे वळायची, टाकी उठून चालत येईल की काय अशी.

समोरच्या खोलीत रिटायर्ड हवालदार काका राहतात. मी मशीन लावलं की ते वाळूची बादली घेऊन, काळा गॉगल लावून, खुर्ची टाकून बसायचे. पहिल्या दिवशी रॉड पत्र्याला घासला, फट् करून प्रकाश झाला आणि मी होल्डर फेकून मागे पळाले, ती सरळ काकांच्या अंगावर. चाळीतले दिवे एकदा मिटमिटले. वरून कुणीतरी म्हणालं, "अगं सिरियल चालू आहे!" काकांनी वाळूची एक मूठ हातात घेऊन विचारलं, "कुठे टाकू?" आग कुठेच नव्हती.

आता कुठून सुरुवात करायची? मी फार विचार करून ठरवलं: उजव्या बाजूनं. गाडी मी चालवणार, मला चालवायला पप्पांनीच शिकवलं आहे. म्हणजे उजवीकडच्या पत्र्यावर मी बसणार. पप्पांची फिरती सीट डावीकडे येणार. तर शिकताना जे काय वाट्टोळं व्हायचं ते माझ्या पायाखाली होऊ दे, आणि हात बसला की मग डावी बाजू घ्यायची. आईलासुद्धा पटलं. आमच्या घरात जळकी पोळी आपल्या ताटात घ्यायची पद्धत आहे, त्यातलंच हे.

आणि वाट्टोळं झालं. गंजलेला भाग ग्राइंडरनं कापला, नवीन तुकडा बसवला, रॉड टेकवला आणि पत्र्याला भोक. ते बुजवायला गेले तर बाजूला दुसरं. पातळ पत्रा, जाड रॉड, करंट जास्त, हे सगळं नंतर कळलं. तेव्हा फक्त भोकं दिसत होती. नाहीतर रॉड चिकटून बसायचा, ओढला की होल्डरच हातात, रॉड तिथेच उभा, लालभडक. एकदा ग्राइंडर असा उसळला की मनगटापाशी हातमोजा फाटला. मी किंचाळले. काका उठले, पप्पा खिडकीत, आई दारात, आणि मी तिघांवर ओरडले, "काय बघताय? कामं नाहीत का?" मग आत जाऊन मोरीत बसले. मनगट साबूत होतं. पण ते साबूत नसतं तर, हे डोक्यातून जाईना.

कडेला वेल्डिंगचे टाके कुठे धरले, कुठे नाही. जिथे नाही तिथे मी पुट्टी भरली, घासली, काळा रंग मारला, वर रबरी मॅट. वरून एकदम छान. हातोडीनं वाजवलं तर मात्र कळायचं. धरलेला पत्रा ठण् वाजतो, माझा बद्द वाजत होता. असू दे, म्हटलं, माझ्यापुरतं आहे, सवडीनं परत करू.

तेवढ्यात आईचं झालं. ती रोज दारात उभी राहून माझ्याकडे बघायची. तिला वाटायचं, तिची नजर आहे तोवर मला काही होणार नाही. एका संध्याकाळी म्हणाली, डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतंय. थोड्या वेळानं तिला डोळे उघडेनात. नुसतं घळाघळा पाणी. मी मुखवट्याआड होते, ती उघड्या डोळ्यांनी तो उजेड पीत होती, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं! तिला हाताला धरून डॉक्टरकडे नेताना डोक्यात एकच होतं. बाप अंथरुणाला, आणि आता आई आंधळी केली मी. डॉक्टरांनी थेंब दिले, अंधारात झोपवायला सांगितलं, आणि म्हणाले, उतरेल. उतरलं. ती उठली आणि पहिलं वाक्य बोलली, "गाडी कुठवर आली?" मी तिच्यावर इतकी ओरडले की काका आले बघायला.

पण हात बसत होता, हे खरं. बारीक रॉड आणले. करंट कमी केला. एक टाका मारायचा, थांबायचं, पत्रा थंड होऊ द्यायचा, मग लांब दुसरीकडे टाका मारायचा. शेजारी शेजारी मारत गेलं तर पत्रा तापून वाकडा होतो. रॉड तांदळाच्या दाण्याएवढा वर धरायचा आणि श्वास रोखायचा. भीती गेली नाही. भीती असल्यामुळेच बहुतेक हात हळू चालायचा, आणि ह्या कामाला हळू हातच लागतो. डावी बाजू मी अशी केली की हातोडी मारली की ठण् वाजायचं. एका जुन्या ऑफिसच्या फिरत्या खुर्चीचा खालचा भाग घेतला, त्याला जाड पट्ट्यांची चौकट केली आणि ती नवीन पत्र्याला धरून बसवली. सीट दाराकडे फिरायची, आत वळली की खिट्टी लागायची. तिच्यावर मी बसले, उड्या मारल्या, मग काकांना बसवलं. काका चांगले वजनदार. हललीसुद्धा नाही.

पप्पांना बसवून बघायचं ते पौर्णिमेला, सोमवारीच आली होती. आईनं पांढरी साडी नेसली, बॉनेटवर मेणबत्ती लावली आणि हात जोडले. "बुद्धं सरणं" एवढं म्हणाली असेल नसेल, माझी नजर खाली गेली. बॉनेटच्या खालीच रंगाच्या थिनरचा डबा, झाकण उघडं. मी झेप घेऊन मेणबत्ती उचलली, मेण हातावर सांडलं.

"पेटवतेस का सगळ्यांना!"

"मग वंदना काय टॉर्च लावून करू?" आईनं विचारलं.

काका हसले, पप्पासुद्धा हसले. थिनर झाकण लावून चाळीमागे नेऊन ठेवला, मेणबत्ती खिडकीत लावली, आणि मग वंदना झाली.

पप्पांना चाकाच्या खुर्चीतून गाडीजवळ आणलं. डावं दार सताड उघडं, सीट त्यांच्याकडे तोंड करून. त्यांनी उजव्या हातानं सीट फिरवली, परत आणली, चौकटीवर बोट फिरवलं. "चांगली झालीय," म्हणाले. मी दुकानात कधी गिऱ्हाइकाच्या "छान"ची एवढी वाट बघितली नसेल. मग त्यांनी हात उचलून पलीकडे दाखवलं.

"त्या बाजूला."

"कुठे?"

"माझ्या जागेवर."

"पप्पा, ही तुमची जागा. तुमच्यासाठी केलीय."

"ही पॅसेंजरची," ते म्हणाले.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळं मोजलं, सगळं ठोकून बघितलं, आणि एवढी साधी गोष्ट सुचली नाही. टॅक्सीवाला माणूस स्वतःच्या गाडीत आयुष्यात कधी डावीकडे बसला नव्हता. मी म्हटलं, "तिकडे बसायचं नाही. तिकडचा पत्रा कच्चा आहे, मी शिकत होते तेव्हाचा."

"मग तू कशी बसणार?"

"मी बसेन."

"तुझ्याखाली तुटलेला चालतो?"

मी ओरडले. "नाही म्हणजे नाही! एकदा पडलात ते पुरे नाही का झालं?" सगळ्या चाळीसमोर बोलले. पप्पांचा चेहरा उतरला. आई माझ्याजवळ आली आणि हळू म्हणाली, "बसू दे गं. एवढे दिवस कुणाला हात लावू देत नव्हते. आज स्वतःहून उचला म्हणतायत." ते खरं होतं. काका म्हणाले, पाच मिनिटं बसतील, काय होतंय. मी तिथे अडून बसायला हवं होतं. पण आईकडे बघितलं आणि बाजूला झाले.

काकांनी आणि वरच्या मजल्यावरच्या एका माणसानं त्यांना उचलून ड्रायव्हरच्या सीटवर ठेवलं. मी डावा पाय हातानं उचलून आत घेतला, क्लचपाशी ठेवला, चप्पल सरळ केली. पाय नेहमीसारखाच जड आणि गार होता. पप्पांनी उजवा हात स्टिअरिंगवर ठेवला आणि समोर गेटकडे बघितलं. इतक्या दिवसांत त्यांची मान अशी ताठ मी बघितली नव्हती.

"काय, कुठे चाललात? दादर की भायखळा?" काकांनी विचारलं.

"भायखळा," पप्पा म्हणाले. "बाजूला व्हा."

टक् आवाज झाला. तो आवाज मी ओळखला. टाका सुटल्याचा. मी दाराला धरून "पप्पा" म्हणेपर्यंत दुसरा सुटला, मग एकदम करकर करत पत्रा गेला आणि पप्पा डावीकडे कलंडले. त्यांचा पाय पोटरीपर्यंत खाली गेला होता. चप्पल गाडीखाली फरशीवर पडलेली दिसली.

काकांनी त्यांना काखेत धरून वर ओढायला घेतलं. "हात लावू नका!" मी अशी किंचाळले की काका तसेच थांबले. मी आत वाकून बघितलं होतं. पत्रा खाली फाटला होता, त्याच्या सगळ्या कडा खालच्या बाजूला वळलेल्या, पोटरीच्या भोवती. पाय खाली जाताना त्या दुमडल्या. वर ओढला असता तर उंदराच्या पिंजऱ्याच्या तारांसारख्या मांसात घुसल्या असत्या. एका ठिकाणी घुसलीच होती. रक्ताची रेघ घोट्याकडे चालली होती. आणि पप्पा समोर बघत होते. "काय झालं?" त्यांनी विचारलं. त्यांना काही कळत नव्हतं. माझी पाचावर धारण बसली ती त्या प्रश्नानं.

काकांनी ग्राइंडर आणून पुढे केला. नको, म्हटलं. ठिणग्या उडणार, पाय भाजणार, आणि भाजल्याचं सांगणार कोण? पत्रा कापायची कात्री घेतली. दारातून आत आडवी झाले, डोकं स्टिअरिंगखाली, ब्रेकच्या पेडलला कपाळ टेकलेलं. फाटलेल्या भोकात कात्री घालायची आणि बाहेरच्या दिशेनं कापत जायचं, म्हणजे कडा सैल होतील. पण कात्रीचं खालचं पातं पत्र्याखाली जातं. ते पत्र्याला लागलंय की पोटरीला, दिसत नाही. कुणाचंही कापायला गेलं तर माणूस आधी ओरडतो. हा माणूस ओरडणार नव्हता. मी त्यांचा पाय चिरत गेले असते आणि ते माझ्या डोक्यावरून गेटकडे बघत बसले असते.

मग मी हातमोजा काढला. डाव्या हाताची बोटं पत्रा आणि पोटरी यांच्यामध्ये सरकवली. आता कात्री चुकली तर आधी माझ्या बोटाला लागणार होती. त्यांच्याऐवजी मला कळणार होतं. दुसरा उपाय सुचला नाही.

पहिला काप नीट गेला. दुसऱ्याला मी घाई केली आणि पातं कुठे जातंय कळेना. "बाय," वरून आवाज आला. पप्पा मला बाय म्हणतात. "सावकाश. मागे कुणी हॉर्न देत नाहीये." गाडी शिकवताना असंच म्हणायचे, हिंदमाताच्या पुलाखाली गाडी बंद पडली आणि मी रडकुंडीला आले होते तेव्हा. फरक एवढाच, की तेव्हा मागे शंभर हॉर्न वाजत होते.

तिसऱ्या कापाला कात्री चुकली. मधल्या बोटातून कळ मस्तकात गेली. "आई गं!"

"लागलं?" पप्पांनी घाबरून विचारलं.

"मला लागलं. तुम्हाला नाही."

"नक्की?"

"नक्की! गप बसा तुम्ही!"

कडा खाली वाकवल्या, आईची जुनी साडी पायाभोवती गुंडाळली, आणि मी खालून, काका वरून, असा तो पाय बाहेर काढला. दोन ठिकाणी चिरला होता. त्यातली एक चीर पत्र्याची होती. दुसरी कशाची, ते मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

हॉस्पिटलात आम्ही टॅक्सीनंच गेलो. पप्पांनी उचलू दिलं. पायाला टाके, इंजेक्शन, माझ्या बोटाला पट्टी. बाहेर बाकावर बसलो होतो तेव्हा व्यायामाच्या मॅडमनी पप्पांना ओळखलं, झटक्यानंतर त्यांनीच तपासलं होतं. आधी त्या रागावल्या, इतके दिवस का आला नाहीत म्हणून. मग पट्टी बघून विचारलं, कसं झालं? मी सांगितलं, पत्रा कच्चा होता, पाय खाली गेला.

"पाय गेला नाही. मी क्लच दाबला," पप्पा म्हणाले.

मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. "दाबला?"

"गाडी काढायची तर क्लच नको?"

मॅडमनी त्यांच्या डाव्या तळव्याला हात लावला आणि म्हणाल्या, आता दाबा. पप्पांनी दात आवळले, मानेच्या शिरा फुगल्या. मॅडमनी बराच वेळ हात तसाच ठेवला. मग म्हणाल्या, नाही. कधी कधी पायाला आपोआप झटका येतो, कधी नुसतं वजन पडतं, माणसाला वाटतं आपण हलवला. सांगता येत नाही. व्यायाम सुरू करू, मग बघू.

मला एक गोष्ट माहीत होती आणि त्या दोघांना नव्हती. त्याच सकाळी मी त्या सीटवर बसून, त्याच पत्र्यावर दोन्ही पाय टेकवून, आतून काच पुसली होती. नुसत्या पायाच्या वजनानं तो तुटला नव्हता. तिथे कुणीतरी टाच रोवून जोर दिला होता. निदान मला तसं वाटतं. कच्चा पत्रा कधी सुटेल सांगता येत नाही, हेही मला माहीत आहे. एक विचार धरला की दुसरा येतो, आणि दोन्हीची सारखीच धास्ती वाटते.

उजवी बाजू मी सगळी काढली आणि पहिल्यापासून केली. पुट्टी नाही, कडेनं सलग टाके. ठण् वाजतो. टाकी परत चढवून घेतली. आता आठवड्यातून तीनदा आम्ही हॉस्पिटलात जातो, मी चालवते, पप्पा डावीकडे फिरत्या सीटवर. खड्डा आला की माझं सगळं लक्ष त्यांच्या सीटखाली. ते मात्र मला गिअर कधी बदलायचा ते सांगत असतात. पॅसेंजरच्या जागेबद्दल तक्रार नाही, पण एका अटीवर. परत आल्यावर, इंजिन बंद करून, पाच मिनिटं स्वतःच्या जागेवर बसवायचं.

तिथे बसले की ते क्लच दाबतात. म्हणजे दाबतो म्हणतात. पेडल हलत नाही, पाय हललेला दिसत नाही. आणि आता पत्रा पक्का आहे, तुटून काही सांगणार नाही. म्हणून मी फरशीवर पालथी पडते, खांद्यापर्यंत हात गाडीखाली घालते आणि त्यांच्या टाचेच्या बरोबर खाली, पत्र्याला तळवा लावून ठेवते. पातळ पत्रा आहे, जोर आला तर किंचित तरी दबेल. आतापर्यंत कधी दबला नव्हता.

आज सकाळी तळव्याला काहीतरी लागलं. पत्रा किंचितसा खाली आला आणि वर गेला. बाहेरून बस गेली की आमची सगळी चाळ हादरते, तसं असेल. बस गेली होती का, मला आठवेना.

"बाय, दाबतोय. लागतंय का?" वरून पप्पांनी विचारलं.

हो म्हणावं आणि ते खोटं निघावं, तर हा माणूस परत भिंतीकडे तोंड करेल आणि या वेळी वळणार नाही. नाही म्हणावं, तर कदाचित उद्यापासून दाबणारच नाही. वेल्डिंगला घाबरले, टाकीला घाबरले, कात्रीला घाबरले, पण इतकी कशालाच घाबरले नव्हते. गाल फरशीला टेकलेला होता.

"परत दाबा," मी म्हटलं, आणि हात तिथेच धरून ठेवला.